हान काळातील हिरव्या कुंभावरचा चंदेरी थर

प्रश्न :
चीनमधील पूर्व हान काळातल्या (इ.स. २५ ते २२०) ‘हू’ प्रकारच्या एका कुंभाची छायाचित्रे पाहताना दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. हिरव्या झिलईवर जागोजागी चांदीसारखी चमक दिसते. ती मुद्दाम दिलेली आहे का? शिवाय झिलईचे ओघळ तळाकडे न जाता तोंडाच्या काठाशी थेंबांसारखे थिजलेले आहेत, हे कसे घडले असावे?

प्रतिसाद १ :
ती चमक कुंभाराने दिलेली नाही. थडग्यातील ओलाव्यामुळे शिशाच्या झिलईचा पृष्ठभाग शतकानुशतके विघटित होत जातो आणि त्यावर अतिशय पातळ पापुद्रे तयार होतात. साबणाच्या फुग्यावर जसे रंग खेळतात, तसाच प्रकाश या पापुद्र्यांवर खेळतो आणि आपल्याला चंदेरी झाक दिसते. मूळ हिरवा रंग तांब्याच्या ऑक्साइडचा असतो, तर लोहाच्या ऑक्साइडमुळे तपकिरी किंवा मधासारखी छटा येते. मात्र अशी चमक कृत्रिम उपायांनीही आणता येते, त्यामुळे केवळ तिच्यावरून भांडे प्राचीन ठरवू नये. त्यासाठी तापदीप्ती चाचणी, म्हणजे भांडे शेवटचे केव्हा भाजले गेले याचा अंदाज देणारी तपासणी, अधिक उपयोगी पडते.

प्रतिसाद २ :
ओघळांचे उत्तर भट्टीत आहे. अशी भांडी अनेकदा उपडी ठेवून भाजली जात, त्यामुळे वितळलेली झिलई तोंडाकडे उतरून तिथेच गोठे. शिसे हे झिलईचे वितळणे सोपे करणारे द्रव्य असल्याने ती साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसला वितळते. राखेच्या झिलईला मात्र १२०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणूनच हे काम साध्या तांबड्या मातीच्या भांड्यांवर करता आले.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. मग अशा कुंभात मद्य ठेवत असत का? शिसे तर विषारी असते.

प्रतिसाद १ :
या आकाराच्या कांस्यकुंभात मद्य ठेवत असत. हा मातीचा कुंभ मात्र मृतासोबत पुरण्यासाठी घडवलेला आहे. त्याच थडग्यांमध्ये धान्याचे कोठार, विहीर, चूल, डुकरांचा गोठा यांच्याही झिलईदार प्रतिकृती सापडतात. तुमच्या छायाचित्रात खांद्यावर पशुमुख आणि त्याच्या तोंडात कडी असेल, तर ती नीट पाहा : कांस्यपात्रावर ती कडी खरोखर हलते, इथे ती साच्यातून उठवलेली, मातीशी एकजीव असते. मला स्वतःला या कुंभाचा हाच भाग सर्वांत हृद्य वाटतो.