सोसायटीच्या ग्रुपवर मुलांच्या झोपेच्या गमीजची यादी कोणी फिरवली?

मृणाल (बी-४०२): मिटिंगमध्ये नको म्हटलं होतं, तरी आज पुन्हा गमीजच्या (चघळायच्या गोड गोळ्यांच्या) एकत्र ऑर्डरची यादी! त्यातलं मेलाटोनिन म्हणजे झोपेची वेळ सांगणारं हार्मोन, लिमलेटच्या गोळ्या नव्हेत.

निखिल (ए-१०३): वहिनी, नॅचरल आहे. अमेरिकेत वाण्याकडे मिळतं.

मृणाल: तिथलंच ऐका. २०२३ मध्ये २५ गमीज तपासल्या, २२ची लेबलं चुकीची. लेबलावर लिहिलेल्या मापाच्या कशात ७४ टक्के, कशात ३४७. एकीत मेलाटोनिनच नव्हतं.

शिरीषकाका (सी-७०१): जायफळ उगाळून दुधातून 🙏

डॉ. केतकी (ए-३०४): निखिल, लहान मुलांना लागलंच तर ०.५ ते १ मिग्रॅ, झोपेआधी अर्धा-एक तास, तेही डॉक्टरांना विचारून. १० मिग्रॅने दसपट झोप लागत नाही, सकाळी डोकं तेवढं जड होतं. दहावीवाल्यांची झोप बऱ्याचदा उडालेली नसते, पुढे सरकलेली असते. त्यांना थोडंच, पण नेहमीच्या झोपेच्या ३-४ तास आधी. रात्री दीडला दिलं तर वाया. आणि रविवारीही उठायची वेळ तीच.

संदीप (बी-६०३): दीडला जिमच्या स्पीकरमुळे अख्खी विंग जागी 😄

सेक्रेटरी: जिम दुसऱ्या ग्रुपवर. कृपया.

संदीप: तिथे तुम्ही उत्तर देत नाही म्हणून.

सुजाता (बी-२०१): मग सर्दीचं सिरप? पेंग येतेच की.

प्रसाद, फार्मसी (सी-१०४): काही रात्रीच. मग तेवढ्या मापाने भागत नाही आणि लोक माप वाढवतात. काही पोरं तर उलट उड्या मारतात. अशा काही सिरपांतलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली अजिबात नाही, श्वास मंदावतो. आजीच्या डब्यातली झोल्पिडेम (झोपेची), अल्प्राझोलाम (चिंतेची) गोळी अर्धी करून देणंही बंद करा. एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या कडक यादीतली औषधं आहेत ती, आम्हाला रजिस्टरात नोंद ठेवावी लागते.

सुजाता: आणि क्लोनिडिन?

डॉ. केतकी: ते मुळात बीपीचं औषध. एडीएचडीत (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) कधी देतात, बीपी बघून. मनाने एकदम थांबवायचं नाही, बीपी उसळतं. मूल पाय सारखे हलवत असेल तर आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. ५० च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देतात. ते दूध-चहाबरोबर नको.

शिरीषकाका: जायफळ उगाळून दुधातून 🙏

डॉ. केतकी: काका, सहाणेवर दोन वळसे ठीक. ५ ग्रॅम पोटात गेलं तर मोठ्यांनाही धडधड, भ्रम होतो.

शिरीषकाका: दोनच म्हणतोय मी. कोणी वाचत नाही.

निखिल: ऑर्डर गेली. परत घेत नाहीत.

मृणाल: मग डबा कुलपात ठेवा. चॉकलेट समजून पोरं एका बैठकीत संपवतात. माझं नाव यादीतून काढा.

निखिल: तुमचं नव्हतंच, वहिनी.