बॅटरीवरची पोलो जीटीआय: वाट बघण्यासारखी, का नुसती फोटोत बघण्यासारखी?

टर्बोअण्णा

काल रात्री सोलापूरच्या पार्क चौकात चहाच्या गाड्यावर या एका गाडीवरून दीड तास भांडण झालं. घरी आलो तरी डोकं शांत होईना, म्हणून इथं लिहितोय.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची आयडी पोलो जीटीआय. जीटीआय म्हणजे साध्या छोट्या गाडीचंच जास्त ताकदीचं, वळणात मजा देणारं रूप. १९७६ साली पहिली गोल्फ जीटीआय विकायला आली, त्याला यंदा पन्नास वर्षं झाली. पन्नाशी गाठली की घरचे साखर बंद करतात, तसं कंपनीने धाकट्या भावाचं पेट्रोल बंद केलं. थोरली गोल्फ अजून पेट्रोल पितेय, ही पोलो मात्र पूर्ण बॅटरीवर. ताकद २२६ पीएस (म्हणजे अश्वशक्तीच), आणि ती पुढच्याच चाकांना. बनणार स्पेनमधल्या मार्तोरेलच्या कारखान्यात. समोर उभ्या आहेत अल्पीन ए२९०, प्यूजोची ई-२०८ जीटीआय (ही तर २८० पीएस) आणि बॅटरीवरची मिनी जॉन कूपर वर्क्स, २५८ पीएसची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मी आठ वर्षं पोलो जीटी टीएसआय चालवली, १.२ टर्बो, १०५ पीएस. आजच्या हिशोबाने चिल्लर. पण तुळजापूरच्या घाटात सकाळी सहाला तिला वळणात घातलं की स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी मोजता यायची. नव्या गाडीकडून मला तेवढंच पाहिजे. २२६ का २८०, या आकड्यांनी मला फरक पडत नाही. वळणात नाक आत घेते का, ब्रेकचं पेडल पायाला खरं वाटतं का, आणि रोज पोरांना शाळेत सोडता येतं का, एवढं जमलं तर ती बॅटरीवर चालो नाहीतर शेंगतेलावर, माझ्या लेखी ती जीटीआयच.

तीनपेडलवाला

अण्णा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

२०१५ ला फियाटची अबार्थ पुंटो आली तेव्हा ९ लाख ९५ हजाराला १४५ पीएस मिळत होते. गिअर हाताने टाकायचा, टर्बोला दम भरायला क्षणभर द्यायचा, आणि मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटायची. त्या क्षणभराच्या थांबण्यातच सगळी गंमत होती. बॅटरीवाल्या गाडीत पाय ठेवला की गेली, पाय काढला की थांबली. लिफ्टमध्ये पण असंच होतं, मी लिफ्टचा शौकीन नाही.

आणि वजन? ही अल्पीन १४७९ किलो. जपानमधली स्विफ्ट स्पोर्ट ९७० किलो. पाचशे किलो जास्त! म्हणजे डिकीत पाच क्विंटल ज्वारी घालून घाट चढा आणि मग मला वळणाच्या गोष्टी सांगा.

पूर्वभाग स्विफ्ट

तीनपेडल भाऊ, एकदम बरोबर. आपल्याला जर्मनी, फ्रान्स कशाला पाहिजे बे? मारुतीने स्विफ्ट स्पोर्ट आणली असती तर अर्धं सोलापूर रांगेत उभं राहिलं असतं. १.४ बूस्टरजेट, १४० पीएस. आपल्या नशिबी काय आलं, तर २०१७ ला बलेनो आरएस. तीसुद्धा तीन वर्षांत गायब.

टर्बोअण्णा

क्विंटलचा हिशोब आवडला. पण अर्धाच केलात, आता पुढचा मी करतो.

स्विफ्ट स्पोर्ट: ९७० किलोला १४० पीएस. टनामागे १४४. अल्पीन ए२९०, वरचं मॉडेल: १४७९ किलोला २१८ पीएस. टनामागे १४७. म्हणजे ज्वारीची पोती घालूनसुद्धा बरोबरीत. शिवाय ते वजन आहे कुठं? बॅटरी जमिनीलगत, सीटच्या खाली. ज्वारी टपावर बांधणं आणि टेम्पोच्या तळाला अंथरणं यात फरक आहे ओ.

आणि तुमची पेट्रोलची गोल्फ जीटीआय काय फुलासारखी हलकी आहे? तीही चौदाशे किलोच्या वर. वजन सगळ्यांचंच वाढलंय, एअरबॅगांपासून. एकट्या बॅटरीला कशाला शिव्या.

तीनपेडलवाला

टनामागे किती, हा हिशोब सरळ रस्त्याचा. केगाव सोडलं की पुण्यापर्यंत सरळच रस्ता आहे, तिथं तो ठेवा.

वळणात टायरला टनामागे कळत नाही. त्याला १४७९ किलोच पेलावे लागतात. ब्रेकलाही तेवढेच थांबवावे लागतात. बॅटरी खाली असल्याने गाडी कलत कमी असेल, मान्य. पण वेगात वळणात घुसल्यावर बाहेर ओढणारं वजन कमी होत नाही. ते झेलायला रुंद टायर घाला, मग कडक स्प्रिंग घाला, आणि मग आपल्या रस्त्यावर दात आवळून चालवा.

एमएच तेरा

रस्त्याचा विषय निघाला म्हणून बोलतो, नाहीतर मी वाचून पुढं जाणार होतो.

तुम्ही लोक कुठल्या सोलापुरात राहता? आमच्या जुळे सोलापुरातला रस्ता गेल्या उन्हाळ्यापासून पाइपलाइनसाठी खणलाय. बुजवलाय असं म्हणतात, पण माझ्या मणक्याला तसं वाटत नाही. ओळखीतल्या एकाने पुण्याहून खाली बसवलेली एक स्पोर्ट गाडी आणली होती, नाव सांगत नाही. डिकीत तो दोन लाकडी फळ्या ठेवायचा. स्पीड ब्रेकर आला की बायको उतरायची, फळ्या लावायची, गाडी चढायची, बायको फळ्या उचलायची. तिसऱ्या महिन्यात बायकोने उतरायला नकार दिला आणि गाडी विकली.

आपल्या देशात आली ती गोल्फ जीटीआय जमिनीपासून १३६ मिलिमीटर वर. चाक १८ इंची, टायर इतका पातळ की खड्ड्यात गेला तर रिमच हात जोडते. आपल्या साध्या पोलोला १६५ मिलिमीटर होते म्हणून अण्णा आठ वर्षं सुखात राहिले. २२६ पीएस मेले खड्ड्यात, आधी गाडी घराबाहेर काढता येईल का ते सांगा.

टर्बोअण्णा

फळ्यांवर हसून हसून पोट दुखलं. पण मुद्दा खरा आहे. कंपनीने इथं आणायची झालीच तर थोडी उंच करून आणावी, मी तक्रार करणार नाही.

कर काका

माझा धंदा आकडेमोडीचा, गाड्यांतलं मला तुमच्याइतकं कळत नाही. पण स्विफ्ट स्पोर्ट का आली नाही, पुंटोसारखी गाडी पुन्हा का येत नाही, याचं मोठं उत्तर इंजिनच्या सीसीमध्ये आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडे 'छोटी गाडी' ठरलेली आहे: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. त्या चौकटीत बसलात तर कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चौकटीतल्या गाडीला जीएसटी १८ टक्के, बाहेरच्या पेट्रोल गाडीला ४० टक्के. स्विफ्ट स्पोर्टची लांबी ३.८९ मीटर, म्हणजे तिथं पास. इंजिन १३७३ सीसी, तिथं नापास. अबार्थ पुंटोचं १३६८, तेही नापास. दीडशे-पावणेदोनशे सीसीसाठी २२ टक्के जास्त कर! कुठली कंपनी हे दुखणं विकत घेईल? म्हणून तर ह्युंदाईची आय२० एन लाइन १ लिटर टर्बोवर थांबली आणि टाटाची अल्ट्रोज रेसर १.२ वर. दोघींची ताकद पण तीच, १२० पीएस.

आता गंमत बघा. बॅटरीच्या गाडीला ही चौकटच नाही. लांबी किती, ताकद किती, कोणी विचारत नाही, जीएसटी सरसकट ५ टक्के. आयडी पोलो ४ मीटरपेक्षा पाच सेंटिमीटर लांब आहे, पेट्रोलवर असती तर तेवढ्यावरच ४० टक्क्यांत गेली असती. अर्थात हे सगळं गाडी इथं बनली तर. तयार गाडी बोटीतून आली तर आयात शुल्क तिला आधीच झोपवतं.

तीनपेडलवाला

काका, माहितीबद्दल आभार, पण शेवटचं वाक्यच खरं आहे. बोटीतूनच येणार. आणि आली तर काय होतं ते २०२५ च्या मे महिन्यात बघितलंय. गोल्फ जीटीआयसाठी आधी ऑनलाइन प्रश्नमंजुषा सोडवा, मग २ लाख ६५ हजार भरा, किंमत नंतर कळेल! कळली तेव्हा ५३ लाख, एक्स शोरूम. तरी पहिल्या १५० गाड्या आधीच संपलेल्या. लग्नात मुलीकडचेसुद्धा एवढं ऐकून घेत नाहीत आता.

२०१६ ला तीन दरवाजांची पोलो जीटीआय आली होती, १९२ पीएसची, तीही मोजून ९९ आणि पंचवीस लाखांच्या वर. पोलोला पंचवीस लाख! तेव्हा लोक हसले, कंपनी शिकली नाही.

जीटीआय म्हणजे मुळात कामगाराची, मास्तराची गाडी. पहिलीला ११० पीएस होते, आत चौकडीच्या कापडाच्या सीटा आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ. आता ती मूठच नाही, कारण गिअरच नाहीत.

टर्बोअण्णा

किमतीवर माझी बोलती बंद, हे मान्य. त्रेपन्न लाखात आमच्या गल्लीत घर येतं.

होटगी रोड

दोन वर्षं बॅटरीची हॅचबॅक चालवतोय, साधी, जीटीआय वगैरे काही नाही. दोन्ही पार्ट्यांना थोडं सुनावतो.

तीनपेडल साहेब, गाडीला दम भरायला वेळ लागतो ही गंमत तुम्हाला वाटते. सात रस्त्यावर सिग्नल सुटला की माझ्या मागं रिमॅप केलेली (कॉम्प्युटरवरून इंजिनची ताकद वाढवलेली) टर्बो हॅचबॅक असते रोज, ओळखीचा पोरगा आहे. त्याचा टर्बो जागा होईपर्यंत मी चौक ओलांडलेला असतो. बायको शेजारी बसून पेपर वाचत असते, तिला पत्ताही नसतो.

अण्णा, तुम्ही पण फार हुरळू नका. मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो तेव्हा दुपारी दोनला हायवेवर फास्ट चार्जिंगला लावून बघा. बॅटरी थंड ठेवायलाच गाडीचा पंखा ओरडत असतो आणि चार्जिंगचा वेग खाली येतो. मी आता टेंभुर्णीला जेवायला थांबतो, घाई करत नाही. तुमच्या घाटातल्या मजेचं सांगायचं तर दहा मिनिटं पाय दाबून चालवलं की अंतराचा आकडा असा पडतो की आपण गाडी चालवतोय का पाण्याची टाकी रिकामी करतोय कळत नाही.

आणि हो, आवाज. २०२३ ला म्युनिकला याच गाडीची संकल्पना दाखवली तेव्हा त्यात १९७६ च्या गोल्फसारखं वागायला लावणारी सोय असेल असं सांगितलं होतं, आवाजासकट. ह्युंदाईच्या आयॉनिक ५ एन मध्ये तर खोटे गिअर पडतात, झटक्यासकट. मला विचाराल तर हा पोरखेळ.

पूर्वभाग स्विफ्ट

खोटा गिअर, खोटा आवाज… मग शेंगाचटणीत शेंगा पण खोट्या घाला की.

टर्बोअण्णा

खोट्या आवाजाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूला. बॅटरीची गाडी बॅटरीच्या गाडीसारखीच वागावी, पेट्रोलची नक्कल कशाला करायची. पण त्याच म्युनिकच्या संकल्पनेत पुढच्या अॅक्सलला इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉकही होतं, त्यावर कोण बोलतच नाही. नुसती पुढची चाकं आणि २२६ पीएस, तेही पाय ठेवल्याक्षणी! लॉक नसेल तर वळणातून बाहेर येताना आतलं चाक नुसतं धूर काढेल आणि गाडी सरळ कठड्याकडे जाईल. लॉक ती ताकद बाहेरच्या चाकाकडे वळवतं. ते नीट बसवलंय का, यावर माझ्या मते ही गाडी ठरेल. बाकी सगळं स्टिकर.

तीनपेडलवाला

हे मात्र मुद्द्याचं बोललात. माझ्या पुंटोत ते नव्हतं. पावसात दुसऱ्या गिअरला स्टिअरिंग हातातून हिसकावून घ्यायची, म्हशीचं दावं ओढावं तशी. मला ते आवडायचं. शहाणपणाचं होतं असं म्हणत नाही.

अल्ट्रोज रेसरवाला

एक विचारू का? तुम्ही सगळे न आलेल्या गाडीवर भांडताय. ज्या आल्या त्या तुमच्यापैकी किती जणांनी घेतल्या? मी घेतली. २०२४ ला ९ लाख ४९ हजारापासून सुरू होती, सहा गिअर हाताचे, १२० पीएस. शोरूममध्ये महिनाभर मी एकटाच चौकशीला येणारा, बाकीचे सगळे सनरूफवाली एसयूव्ही बघत होते. २०२५ ला नवी अल्ट्रोज आली, त्यात टर्बो पेट्रोल नाही. पोलो २०२२ ला बंद झाली तेव्हा सगळे रडले, पण तेव्हा शेवटच्या वर्षात किती जण शोरूममध्ये गेले? एन लाइनला आधी क्लच पेडलच दिलं नव्हतं, लोकांनी आरडाओरडा केला, २०२३ ला कंपनीने दिलं. आता आरडाओरडा करणाऱ्यांपैकी घेतली कुणी ते सांगा.

पूर्वभाग स्विफ्ट

…माझ्या वडिलांनी नाही घेऊन दिली.

एमएच तेरा

मी एसयूव्ही घेतली. मणका माझा आहे, खड्डे तुमचे.

टर्बोअण्णा

रेसरवाले, वर्मावर बोट ठेवलंत. मी पोलो विकून काय घेतलं ते विचारू नका. डिझेल आहे आणि सात जण बसतात.

तीनपेडलवाला

😄 अण्णा! आणि एवढा वेळ आम्हाला वळणाचं शिकवत होतात!

ते जाऊ द्या. रविवारी पहाटे साडेपाचला तुळजापूर रोडला भेटू. रेसरवाले गाडी आणा, होटगी रोड साहेब तुम्ही बॅटरीवाली आणा. रेस नाही, कुणाचं हाड मोडायचं नाही. एकाच वळणात, एकाच वेगात, तिन्ही गाड्या आळीपाळीने चालवू. बॅटरीची गाडी वळणात मी अजून चालवलेलीच नाही, सगळं वाचून बोलतोय. एकदा चालवतो, मग रीतसर शिव्या घालतो.

होटगी रोड

येतो. आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून. फक्त परत येईपर्यंत पन्नास टक्के उरले पाहिजेत, दुपारी सासुरवाडीला अक्कलकोटला जायचंय.

एमएच तेरा

मी पण येतो. फळ्या घेऊन.