नव्या करप्रणालीत ८०डी हवं की नको?

सातारकर: आईबाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता यंदा ५८,००० आला. दोघंही सत्तरीपुढचे. जुन्या प्रणालीत ८०डीखाली, म्हणजे आरोग्य विम्याच्या वजावटीखाली, त्यातले ५०,००० करपात्र उत्पन्नातून वजा होतात, शिवाय माझ्या कुटुंबाच्या पॉलिसीचे २५,००० पर्यंत वेगळे. नव्या प्रणालीत भोपळा. आणि २०२३-२४ पासून काही न निवडता लागू होते ती नवीच. बाकीच्या वजावटी खुशाल काढा, पण ही ठेवा. पीपीएफचे पैसे व्याजासकट परत येतात, मेडिक्लेमचा हप्ता गेला तो गेला.

हिशोबनीस: फायदा कुणाला ते बघा. नव्या प्रणालीत १२.७५ लाखांपर्यंत पगार असेल तर कर शून्य. त्याला ८०डी देऊन काय उपयोग? उलट २४ लाखांच्या बऱ्याच वर असलेल्याचे लाखाच्या वजावटीवर सेससकट ३१,२०० वाचतील. पगार मोठा तशी सरकारची मदत मोठी! रिक्षावाल्याच्या आईला बीपी नसतं का? त्यापेक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला ते बरं. कर भरणारा असो नसो, सगळ्यांनाच लागू.

सातारकर: हो, पण त्यासोबत कंपन्यांचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावटही गेली. ते कुठून वसूल करणार? मूळ हप्त्यातूनच ना.

माहेरवाशीण: विमाच मिळत नाही त्यांचं कुणी बोलेल का? आईची अँजिओप्लास्टी झालेली, वर शुगर. कंपनीने प्रस्ताव परत पाठवला. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधपाण्याचा खर्चही जुन्या प्रणालीत ५०,००० पर्यंत वजा होतो, पण रोख दिलेला चालत नाही. आमच्या तालुक्याला डॉक्टर फी रोखच घेतात आणि मेडिकलवाल्याचं नेट कायम गेलेलं. रोखीत चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणी, तीही ५,००० पर्यंत.

हिशोबनीस: अट काढली तर खोट्या बिलांचा सुकाळ होईल. २०१८ पर्यंत पगारदारांना १५,००० ची वैद्यकीय बिलं करमुक्त होती. मार्चमध्ये ऑफिसात बिलं कशी गोळा व्हायची, आठवतंय ना?

माहेरवाशीण: आठवतंय की! बिलं आणली साहेबलोकांनी, भोगायचं म्हाताऱ्यांनी. असो. सासूबाईंचा हप्ता मी भरते, तो माझ्या रिटर्नमध्ये दाखवता येईल का?

हिशोबनीस: नाही. सासू-सासरे यात धरत नाहीत. पुढच्या वर्षीपासून नवऱ्याला त्याच्या खात्यातून भरायला सांगा. तो जुन्या प्रणालीत असेल तरच, अर्थात.

माहेरवाशीण: तो नव्या प्रणालीत आहे.