‘एर्झात्स’ या जर्मन शब्दाला इंग्रजीत हलकेपणा कुठून आला?

प्रश्न
पहिल्या महायुद्धावरील एका इंग्रजी पुस्तकाचे मी भाषांतर करत असून त्यात ‘एर्झात्स कॉफी’ हा प्रयोग वारंवार येतो. इंग्रजी कोश ‘निकृष्ट, नकली’ असा अर्थ देतात. जर्मनीत राहणारी माझी बहीण मात्र सांगते की तेथे मोटारीच्या सुट्या भागालाही ‘एर्झात्सटाइल’ म्हणतात आणि त्यात कमीपणा मुळीच नसतो. मग ही छटा आली कोठून?

प्रतिसाद १
आपल्या भगिनींचे म्हणणे बरोबर आहे. ‘एर्झेत्सेन’ म्हणजे एकाच्या जागी दुसरे ठेवणे. ‘एर्झात्स’ हे त्याचे नाम. बदली खेळाडूही जर्मनमध्ये ‘एर्झात्सश्पीलर’च असतो. (यातील ‘झेत्सेन’ आणि ‘सदन’ या शब्दातील संस्कृत ‘सद्’ धातू यांचे मूळ एकच आहे. हे विषयांतर झाले, पण राहवले नाही.)

अर्थ फिरला तो १९१४ नंतर. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत येणारे धान्य, कॉफी, कापूस आणि रबर आटले. पावात बटाटा मिसळू लागले, कागदाच्या धाग्यांचे कापड विणले गेले आणि कॉफीच्या जागी चिकोरी, भाजलेले जव, इतकेच काय, ओक वृक्षाची फळेही आली. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचे पीकही हातचे गेले, तेव्हा एरवी गुरांपुढे टाकल्या जाणाऱ्या कंदांवर लोकांनी दिवस काढले. इंग्रजी वाचकांना हा शब्द अशा मालाच्या संगतीत भेटल्यामुळे मालाचा दर्जा शब्दाला चिकटला, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांतील युद्धकैद्यांच्या वाट्याला तीच कॉफी आल्याने तो पक्का झाला.

प्रतिसाद २
चिकोरीचे श्रेय एकट्या युद्धाला देऊ नये. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने कॉफीवर निर्बंध घातले, तेव्हाही लोक चिकोरीकडे वळले होते. शिवाय व्याकरणाचाही हातभार आहे: जर्मनमध्ये ‘एर्झात्स’ हे नाम समासाचे पूर्वपद होते, इंग्रजीत ते सुटे होऊन विशेषण मानले गेले, आणि विशेषण म्हटले की गुणदोष आलेच.

प्रतिसाद ३
भाषांतरात ‘नकली’ मात्र टाळावे, असे माझे मत आहे. नकली मालात फसवणूक असते. येथे तर पिणाऱ्याला आपण काय पितो आहोत हे ठाऊक होते. दुधाची तहान ताकावर भागवण्याचा हा प्रकार असल्याने पहिल्या उल्लेखाला ‘कॉफीऐवजी मिळणारा चिकोरीचा काढा’ असे लिहून पुढे ‘एर्झात्स’ तसेच ठेवता येईल.