‘स्टील’ आणि ‘रॉब’: गेलं काय आणि कोणाचं?

‘माय फोन वॉज रॉब्ड’ हे वाक्य मी एका विद्यार्थिनीच्या वहीत खोडलं. तिने विचारलं, "पण फोन लुटला असं आपण म्हणतोच की!" प्रश्न रास्त होता. मराठीत प्रवाशाला लुटतात आणि दागिनेही लुटतात. ‘लुटणे’ला दोन्ही कर्मं चालतात.

इंग्रजीत तसं नाही. जी वस्तू गेली ती ‘स्टील’चं कर्म. ज्याची गेली तो माणूस, किंवा बँकेसारखी जागा, हे ‘रॉब’चं कर्म. म्हणून फोन ‘स्टोलन’ आणि मी ‘रॉब्ड’. ‘आय वॉज स्टोलन’ म्हटलं तर मलाच कोणीतरी पळवून नेलं असा अर्थ होईल! माणूस आणि वस्तू दोन्ही सांगायची असतील तर ‘स्टील’ला ‘फ्रॉम’ लागतो, ‘रॉब’ला ‘ऑफ’.

जोरजबरदस्ती असेल तर ‘रॉब’, हेही खरं. इंग्लंडच्या १९६८च्या थेफ्ट अ‍ॅक्टनुसार चोरी करण्यासाठी बळ वापरलं किंवा धाक दाखवला तर ती रॉबरी. पण बोलताना, रिकामं घर फोडलं गेलं तरी लोक ‘वी वेअर रॉब्ड’ म्हणतात. त्यामुळे मी आधी कर्म बघायला सांगते.

‘स्टील’मध्ये गुपचूपपणा मुरलेला आहे; ‘स्टेल्थ’ त्याचाच भाऊबंद. ‘शी स्टोल आउट ऑफ द रूम’ म्हणजे ती चोरपावलांनी खोलीबाहेर पडली. ‘स्टील अ ग्लान्स’ म्हणजे चोरून बघणं. इथे आपला ‘चोर’ किती नेमका बसतो! (‘अंग चोरणे’साठी मात्र ‘स्टील’ चालणार नाही.)

‘रॉब’चं भाषांतर करताना खरी कसोटी लागते. ‘पेन रॉब्ड हर ऑफ स्लीप’ याचं ‘वेदनेने तिची झोप लुटली’ असं केलेलं मला फार खटकतं. ‘हिरावून घेतली’ म्हणावं. ज्याचं गेलं त्याची हानी त्या शब्दात आहे.

त्या मुलीच्या मनातलं, जागा आणि वस्तू दोन्ही कर्मं घेणारं क्रियापद इंग्रजीत आहे: ‘लूट’. तेही हिंदीतूनच तिकडे गेलेलं. दुकानं ‘लूट’ करतात, मालही ‘लूट’ करतात. पण त्यामागे सहसा दंगल, युद्ध किंवा मोठी आपत्ती असते. गर्दीत खिशातून गेलेल्या एका फोनसाठी ‘स्टोलन’च.