४०-४० कलमांत फरक दिसला नाही म्हणजे फरक नाहीच का?

दिंडोरीची_लेक:
नमस्कार मंडळी, मी नाशिकला एमएस्सी स्टॅट्स करतेय, घरची द्राक्षबाग दिंडोरीजवळ. गेल्या सप्टेंबरात डॉगरिज खुंटावर पाचर कलमं (काडी पाचरीसारखी तासून खुंटात बसवायची) बांधली तेव्हा पप्पांच्या मागे लागून ८० झाडं प्रोजेक्टला घेतली, ४० ला नेहमीची प्लास्टिकची पट्टी आणि ४० ला ती ताणली जाणारी नवी टेप. दीड महिन्याने मोजलं तर पट्टीची ३२ फुटलेली, टेपची ३६. म्हणजे ८० टक्के आणि ९० टक्के. पण झेड टेस्ट लावली तर पी व्हॅल्यू ०.२१, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता २१ टक्के. गाईड म्हणतात "फरक नाही" असं लिही, आणि पप्पा म्हणतात अगं ९ बाय ५ फुटांवर एकरी साडेनऊशेच्या वर झाडं बसतात, त्यात १० टक्के म्हणजे ९५ नांग्या (न फुटलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) कमी भराव्या लागतील, फरक कसा नाही? मला दोघांचंही पटतंय. आता पॉवर (खरा फरक असेल तर तो ट्रायलमध्ये पकडला जाण्याची शक्यता) काढून रिपोर्टला जोडू का?

आकडेमोड:
"फरक नाही" असं लिहू नकोस, "या ८० झाडांवरून ठरवता आलं नाही" असं लिही. खरोखर ८० विरुद्ध ९० असा फरक असला तरी ४०-४० च्या ट्रायलची पॉवर येते २४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हीच ट्रायल चारदा केलीस तर जेमतेम एकदा तो फरक पकडला जाईल. तुझ्या आकड्यांचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो, बघ, उणे ५.५ पासून अधिक २५.५ पर्यंत पसरलाय, टेप थोडी वाईटही असू शकते नि खूप चांगलीही. हा इंटरव्हल रिपोर्टमध्ये टाक. हाती आलेल्या फरकावरून पॉवर काढून मात्र जोडू नकोस, ती पी व्हॅल्यूच असते दुसऱ्या कपड्यात, पी ०.०५ आली की ती आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते, नवीन काहीच कळत नाही. पॉवर काढायची ती झाडं बांधायच्या आधी, आणि किती फरक पडला तर टेपचा जादा खर्च परवडतो हे पप्पांना विचारून.

दिंडोरीची_लेक:
विचारलं, १० टक्के म्हणाले. मग किती झाडं लागतील?

आकडेमोड:
५ टक्के लेव्हल (पी ०.०५ च्या खाली आली तरच फरक मानायचा), ८० टक्के पॉवर धरून प्रत्येक बाजूला १९९, म्हणजे २००-२०० धर. ९० टक्के पॉवर हवी तर २६५ च्या आसपास. आणि ८० विरुद्ध ८५ एवढा बारीक फरक शोधायचा म्हटलं तर एका बाजूला ९०० च्या वर, फरक अर्धा झाला की झाडं चौपटीच्याही पुढे जातात. अजून एक, टेप कमी आहे म्हणून १०० ला टेप आणि ३०० ला पट्टी असं केलंस तर ४०० झाडं लावूनही ताकद १५०-१५० एवढीच मिळते.

निफाडचा_बागाईतदार:
मला ते पी बी कळत नाही ताई पण एक विचारतो, बांधली कोणी? आमच्याकडे दोन कारागीर होते, एकाचा काप सरळ एका झटक्यात, साल सालीला बरोबर भिडायची, दुसरा पाचर दोन-तीनदा तासायचा आणि तोवर काडीचा काप वाळायचा. त्याच्या ओळीत नांग्याच नांग्या. पट्टी दोघांची एकच होती.

दिंडोरीची_लेक:
अरे देवा. पट्टीच्या ओळी काकांनी बांधल्या आणि टेपच्या त्यांच्या मुलाने 😟

आकडेमोड:
मग तो ४ झाडांचा फरक टेपचा की हाताचा हे आता सुटं करता येणार नाही, रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिही, त्यात कमीपणा काही नाही. पुढच्या वेळी अख्खी ओळ एका प्रकाराला देऊ नकोस. एका ओळीतली झाडं एकमेकांसारखी वागतात, १० झाडांची ओळ आणि त्यांच्यात ०.०५ एवढंच साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) धरलं तरी २०० च्या जागी २९० लागतात. त्यापेक्षा प्रत्येक कारागिराने त्याच ओळीत जोडीजोडीने बांधावं, जोडीत टेप कुठल्या झाडाला ते नाणं उडवून ठरव.

दिंडोरीची_लेक:
पप्पांना वाचून दाखवलं, येत्या सप्टेंबरला ४०० झाडं देतो म्हणाले. सायन काड्या (खुंटावर बांधायच्या) दोन बागांतून येणारेत, चालेल ना?

निफाडचा_बागाईतदार:
चालेल, फक्त जोडीतल्या दोन्ही झाडांना एकाच जुडीतली काडी लावा, आणि जुड्या ओल्या गोणपाटात ठेवा.