परदेशात तिकीट तपासणी: तुमच्यावर कधी वेळ आली का?

तापीकाठ:
आज भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये टीसी आला. समोरच्या आजींनी पदराची गाठ सोडून घामाने मऊ झालेलं तिकीट काढलं आणि मला २०१९ चं बर्लिन आठवलं. तिथे मेट्रोला फाटकच नाही, सरळ फलाटावर. आम्ही दोघांनी मशीनमधून तिकिटं घेतली, बसलो. दोन स्टेशनं गेली आणि साध्या कपड्यातला एक माणूस उठून तिकीट मागू लागला. दिलं. त्याने उलटंपालटं केलं, कोपऱ्यावर बोट ठेवलं. शिक्का नाही! फलाटावर छोटी पेटी असते, तिच्यात घालून वेळ उमटवायची, नाहीतर तिकीट असून नसल्यासारखं. माणशी ६० युरो. पैशांपेक्षा डब्यातल्या नजरा लागल्या. आम्ही फुकटे नव्हतो हो. तुमचंही लिहा, पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

अमळनेरची लेक:
वाचून पोटात कालवलं ताई. प्रागला आमच्याशेजारी एका म्हाताऱ्या जोडप्याचं हेच झालं. तिथे पिवळी पेटी. शिक्का मारला की तिथून मिनिटं मोजायची, आमचं ३० मिनिटांचं होतं. मुलीने मारून आणला म्हणून वाचलो.

केळीबाग:
पॅरिसला सौ.ने आत शिरल्यावर तिकीट कचऱ्यात टाकलं. बाहेर पडायच्या आधीच तपासणी. बाहेर पडेपर्यंत तिकीट जपायचं, एवढंच सांगतो. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहितो.

धुळेकर:
मना पोऱ्या म्युनिकले शे. त्याने आधीच बजावलं होतं, विमानतळ भाड्याच्या पाचव्या झोनमध्ये आहे, शहराचं एम झोनचं तिकीट तिथे चालत नाही. पाच जणांपर्यंत एकच ग्रुप डे तिकीट मिळतं, आम्ही चौघं त्यावरच फिरलो. तपासनीस दोनदा आला, दोन्ही वेळा हसून गेला.

अमळनेरची लेक:
भाऊ, पोऱ्याले भरीताची वांगी मिळतात का तिकडे?

धुळेकर:
जांभळी मोठी मिळतात, आपल्या हिरव्याची चव नाही. मागच्या वेळी कळण्याचं पीठ नेलं होतं, पोरगं डबा उघडून नुसतं वास घेत बसलं.

तापीकाठ:
डोळ्यात पाणी आणलंत भाऊ. आणि झोनचं बरं सांगितलंत, भाचा दिवाळीनंतर तिकडेच चाललाय. त्याला आत्ताच पाठवते.

केळीबाग:
आलो. त्याला म्हणावं, ज्याच्या त्याच्या खिशात ज्याचं त्याचं तिकीट. आणखी एकदा आमची सगळी माझ्याकडे होती आणि मी पुढच्या डब्यात.